आधी कथा, मग सिद्धान्त

एम.ए. मराठीला समीक्षेचा पेपर म्हटला की अनेक विद्यार्थ्यांच्या पोटात गोळा येतो. भरताच्या रसविचारापासून रूपवाद, मार्क्सवाद, स्त्रीवाद, देशीवादापर्यंत सारे एका सत्रात उरकायचे. नोट्समध्ये प्रवर्तक, व्याख्या आणि वैशिष्ट्ये मिळतात. ज्या कथेवर किंवा कवितेवर हे सारे पडताळायचे, तीच नेमकी नसते.

हा क्रम उलटा व्हायला हवा.

बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ घ्या. याच नावाचा संग्रह १९६३ सालचा. नायक रेल्वेतल्या नोकरीसाठी नव्या गावी येतो, जात लपवून राहतो आणि ती उघड होताच मार खातो. रूपवादी वाचक निवेदनाकडे पाहील: ‘मी’ला ठाऊक असलेले गुपित भोवतालच्यांपासून दडवताना कथेतला ताण कसा चढत जातो? मार्क्सवादी विचारेल: एकाच रेल्वेत घाम गाळणारे कामगार सोबत्याची जात कळताच त्याच्यावर का उलटतात? निव्वळ आर्थिक शोषणाची भाषा इथे अडखळते. सिद्धान्ताच्या मर्यादा मग पाठ कराव्या लागत नाहीत, त्या डोळ्यांसमोर येतात. आणि ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’मध्ये शरणकुमार लिंबाळे आनंद या निकषालाच आव्हान का देतात, हे कथेतली मारहाण वाचून अस्वस्थ झालेल्या मुलीला वेगळे समजवावे लागत नाही.

केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून कविता वाचायला दिल्या. नामवंतांच्या कविताही मुलांनी मोडीत काढल्या. त्या लेखी प्रतिसादांवरच त्यांचे १९२९चे ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ उभे आहे. आपल्याकडे हा प्रयोग एक पाऊल पुढे नेता येईल. बागुलांची कथा आधी नाव आणि साल न सांगता वाचायला द्यावी, पुढच्या तासाला दोन्ही सांगावे आणि वाचन कुठे बदलले ते लिहून घ्यावे. संहिता स्वयंपूर्ण की संदर्भबद्ध, हा समीक्षेतला जुना वाद मुलांच्या स्वतःच्या वह्यांतच सापडेल.

अभ्यासक्रम संपणार कधी, असे प्राध्यापक विचारतील. त्यांची अडचण खरी आहे. म्हणूनच वादांची यादी छाटावी. तीन-चार दृष्टिकोन नीट झाले तरी पुरे. आणि ‘टीप लिहा’ऐवजी प्रश्नपत्रिकेत न शिकवलेली एखादी कविता छापावी. उत्तरे एकसारखी येणार नाहीत, तपासायला वेळ लागेल. तो वेळ विद्यापीठांनी परीक्षकांना द्यावा.