पुढे जाणाऱ्याला थांबवायचं कशाला?

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात २०१४ साली सरकारी शाळांनी आठवीतलं बीजगणित काढून सगळ्यांसाठीच नववीत नेलं. हेतू चांगला, गरीब मुलं मागे पडू नयेत. पण ऐपत असलेल्या पालकांनी बाहेर फी भरून मुलांना ते शिकवलंच. अडकली ती गरिबाघरची हुशार पोरं! अखेर मार्च २०२४ मध्ये ‘आठवीत बीजगणित परत आणा’ असा कौल मतदारांनी मोठ्या बहुमतानं दिला. सगळ्यांनाच घाईनं पुढे रेटू नये, हे मलाही पटतं. पण जिला झेपतंय, तिला शाळेतच, फुकट पुढचं गणित मिळायला हवं. तुमची लेक गणितं भराभर संपवून वर्गात नुसती बसून राहते का? मग बाईंना जाऊन विचारा, पुढचं पुस्तक द्याल का?