प्रवाळांचे दुःख आणि त्याचे कारण

अरबी समुद्रातील लक्षद्वीपची भूमी प्रवाळांनी रचली आहे. प्रवाळ हा दगड नव्हे. तो सूक्ष्म प्राण्यांचा समूह आहे. त्याच्या देहात सूक्ष्म शैवाल वास करते. प्राणी शैवालाला आश्रय देतो आणि शैवाल सूर्यप्रकाशात तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा प्राण्याला देते. समुद्राचे तापमान उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल पातळीहून सुमारे १ अंशाने वाढून काही आठवडे तसेच राहिले, की हे सहजीवन मोडते. शैवाल देहाबाहेर टाकले जाते, रंग जातो आणि आतील चुनखडीचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच प्रवाळांचे विरंजन म्हणतात.

विरंजन म्हणजे मृत्यू नव्हे. पाणी वेळीच निवले तर शैवाल परतते. मात्र मोठी हानी झालेली प्रवाळभित्ती सावरण्यास १० वर्षे वा त्याहून अधिक काळ लागतो. लक्षद्वीपवर १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये हे संकट आले. दोन आघातांमधील उसंतच आता अपुरी पडू लागली आहे.

प्रतीत्यसमुत्पाद आपण वर्गात शिकवतो. कोणतीही गोष्ट स्वयंभू नाही, ती कारणांवर अवलंबून उत्पन्न होते, या सिद्धांताचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. कोळसा एका देशात जळतो आणि समुद्र दुसऱ्याच्या दारात तापतो. या हानीत ज्यांचा वाटा अत्यल्प, त्या द्वीपवासीयांना लाटांपासून राखणारी भिंतच खचू लागते.

प्रवाळांची रोपे लावण्याचे प्रयत्न अनेक देशांत चालू आहेत. ते स्तुत्य आहेत. परंतु पाणी पुन्हा तापले की ती रोपेही पांढरी पडतात. सांडपाणी रोखणे, शैवाल खाणाऱ्या माशांची बेसुमार मासेमारी थांबवणे, यांनी प्रवाळांना बळ मिळेल. तरीही कोळसा व खनिज तेलाचे ज्वलन घटल्याविना दुःखाचे मूळ कायम राहील. गरिबाच्या घरी वीज पोहोचलीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. ती कशापासून निर्माण करावयाची, हा खरा प्रश्न आहे आणि तो विचारण्याचा अधिकार वसतिगृहात दिव्याखाली अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यालाही आहे.

पांढऱ्या पडलेल्या प्रवाळांविषयी हळहळ वाटणे ही करुणा होय; त्यामागील कारण ओळखून ते दूर करण्यास झटणे ही प्रज्ञा होय. बुद्धाच्या धम्मात या दोहोंची फारकत नाही. आपल्या शिक्षणातही ती नसावी.