वेग उतरवलेला वेगवान

चेम्सफर्डच्या मैदानावर २००६ च्या उन्हाळ्यात एसेक्सच्या पहिल्या नऊ विकेट्स एकाच गोलंदाजाने काढल्या. दहावीही त्यालाच मिळायची, पण शेवटच्या डॅरेन गॉफचा झेल यष्टिरक्षकाच्या हातून सुटला आणि आकडा राहिला १३८ धावांत ९. गोलंदाज होता झहीर खान. भारतीय संघातून वगळलेला, वय सत्तावीस. इकडे इरफान पठाण आणि आर. पी. सिंग असे दोन ताजेतवाने डावखुरे संघात होते. झहीरचं काय झालं, असं विचारायचीही कुणाला फारशी गरज वाटत नव्हती.

वूस्टरशायरकडून त्या एका मोसमात त्याने काउंटी चॅम्पियनशिपचे ७८ बळी घेतले. माझ्या मते झहीरची खरी कारकीर्द तिथून सुरू होते. आधीची सहा वर्षं फार तर उमेदवारीत जमा करावीत.

ती उमेदवारीही काही साधी नव्हती. श्रीरामपूरसारख्या साखरपट्ट्यातल्या गावातून मुंबईत आलेला मुलगा, इंजिनीअरिंगचा विचार बाजूला सारलेला. नॅशनल क्रिकेट क्लब, मग चेन्नईत एमआरएफ पेस फाउंडेशन, तिथे टी. ए. शेखर यांची नजर. पुढे रणजी बडोद्याकडून. नगर जिल्ह्यातला हा मुलगा महाराष्ट्राच्या रणजी संघाकडून कधी खेळलाच नाही, याची खंत आमच्याकडच्या जुन्या क्रिकेटवेड्यांना अजून आहे. ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीत त्याने यॉर्करवर स्टीव्ह वॉचा त्रिफळा उडवला आणि देशभर एकच बोलणं सुरू झालं: आपल्याला फास्ट बोलर सापडला! आपल्याकडे वेगाचं अप्रूप आधीपासून इतकं, की गोलंदाजाने आधी ताशी किती टाकला ते विचारतात, बळी किती ते नंतर.

तो झहीर लांबून धावत यायचा, चेंडू सोडण्याआधी मोठी उडी घ्यायचा. दिसायला झकास, शरीराला महाग. २००३ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ब्रिस्बेनला डावात पाच बळी घेतले आणि लगेच हॅमस्ट्रिंगने दगा दिला. त्याच वर्षीच्या विश्वचषक अंतिम सामन्यातलं पहिलं षटक तर कुणी विसरलेलं नाही. वाइड, नो-बॉल, मॅथ्यू हेडनशी शब्दाशब्दी, १५ धावा. शेवटी सात षटकांत ६७, बळी शून्य. पण त्याच स्पर्धेत त्याने १८ गडी बाद केले होते, हे त्या एका षटकाने पुसून टाकलं. गोलंदाजाच्या नशिबी असं असतंच.

इंग्लंडमध्ये त्याने रन-अप कापला आणि उडी आवरती घेतली. तिथलं काउंटीचं वेळापत्रक निर्दय असतं: चार दिवसांचा सामना, मग प्रवास, मग पुन्हा चार दिवस. अशात रोज अंगातला सगळा जोर लावणारा जुलैपर्यंत टिकत नाही. परत आलेला झहीर आधीपेक्षा हळू होता, सरळसरळ फास्ट-मीडियम. आणि कितीतरी धोकादायक. नव्या चेंडूवर मनगट आणि शिवण, जुन्यावर रिव्हर्स स्विंग. धावत येताना चेंडू दुसऱ्या हाताने झाकायचा. चकाकी कुठल्या बाजूला आहे हे फलंदाजाला शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही. राऊंड द विकेट आला की डावखुऱ्यांची पंचाईत व्हायची. चेंडू आत येणार की बाहेर जाणार, हाताच्या हालचालीवरून पत्ता लागत नसे. ग्रॅमी स्मिथसारख्या दांडग्या सलामीवीराला त्याने आंतरराष्ट्रीय सामन्यांत डझनभराहून अधिक वेळा बाद केलं. स्मिथला त्याची गोलंदाजी कळत नव्हती असं नाही. कळूनही इलाज सापडत नव्हता.

२००७ ची ट्रेंट ब्रिज कसोटी. झहीर फलंदाजीला आला तर खेळपट्टीवर जेली बीन्सच्या गोळ्या! त्याने बाजूला केल्या, पुन्हा आणखी आल्या. भडकून तो बॅट रोखत इंग्लंडच्या पीटरसनकडे वळला. मग इंग्लंडच्या दुसऱ्या डावात ७५ धावांत ५ बळी, सामन्यात ९, आणि १९८६ नंतर प्रथमच इंग्लंडमध्ये कसोटी मालिका भारताची. गोळ्या नेमक्या कुणी टाकल्या यावर लोक अजून चवीने बोलतात. मला मात्र त्या चिडीनंतरची शिस्त जास्त आठवते. चार वर्षांपूर्वी जोहान्सबर्गच्या त्या अंतिम सामन्यात हाच माणूस चिडून वाइड टाकत होता.

२०११ च्या विश्वचषकात नकल बॉल हा फसवा हळू चेंडू आला. वेस्ट इंडीजच्या डेव्हन स्मिथची यष्टी उडाली तेव्हा हे काय होतं ते त्याला कळलंच नाही. पण त्याहून मोठं काम बंगळूरचं. इंग्लंडसमोर ३३९ चं लक्ष्य, स्ट्रॉस दीडशेच्या पुढे, सामना हातातून गेल्यात जमा. झहीरने लागोपाठच्या दोन चेंडूंवर बेल आणि स्ट्रॉस काढले, मग कॉलिंगवूड, आणि सामना बरोबरीत सुटला. अंतिम सामन्यात वानखेडेवर पहिली तीन षटकं निर्धाव. पाच षटकांत सहा धावा आणि श्रीलंकेच्या थरंगाचा बळी. स्पर्धेत २१ बळी, आफ्रिदीच्या बरोबरीने सर्वाधिक. अंतिम सामन्यातल्या उरलेल्या पाच षटकांत त्याने ५४ धावा दिल्या, हेही सांगायला हवं. शेवटच्या षटकांतल्या मारापुढे कसबही हात टेकतं.

त्याच्या बाजूने बोलताना मला एका ठिकाणी गप्प बसावं लागतं. तब्येत. त्याच वर्षी लॉर्ड्सवर चौदाव्या षटकात तो हॅमस्ट्रिंग धरून बाहेर गेला आणि ती मालिका भारताने ०-४ अशी गमावली. हजारो मैल नेलेला मुख्य गोलंदाज पहिल्याच दिवशी तंबूत. पराभवाला कारणं अनेक होती, पण रन-अप कापून वाचवलेलं शरीर सांभाळायलाही हवं होतं, ही तक्रार मी मागे घेणार नाही.

एकूण ९२ कसोटींत ३११ बळी, सरासरी ३२.९४. सरासरी बघून नाक मुरडणारे भेटतात. त्यांनी भारतातल्या खेळपट्ट्या आठवाव्यात, दहा षटकांत चमक गमावणारा चेंडू आठवावा. निवृत्तीच्या वेळी भारतीय वेगवान गोलंदाजांत त्याच्या पुढे फक्त कपिलदेव होते. पुढे इशांत शर्माही नेमका ३११ वरच थांबला, पण त्याला १०५ कसोटी लागल्या.

शेवटची कसोटी वेलिंग्टनची, फेब्रुवारी २०१४. न्यूझीलंडचा मॅकलम दोन दिवस हलेना, आणि पस्तिशीतला, पोट थोडं सुटलेला झहीर षटकामागून षटक टाकत राहिला. एका डावात ५१ षटकं, १३ निर्धाव, १७० धावा, ५ बळी. तिहेरी शतक झाल्यावर मॅकलमला बाद केलं तेही त्यानेच. त्यानंतर निवड समितीने त्याला कसोटीसाठी बोलावलं नाही, आणि वीस महिन्यांनी त्याने निवृत्ती जाहीर केली.