मुके रान

‘रानातील सकाळ’ असा विषय दिला की आमच्या कॉलेजातली मुले पहिल्याच ओळीत पाखरांची किलबिल आणतात. पण प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावरच्या मुलाने ती कुठून आणावी? तिथे रान हिरवेगार आहे. पण जवळजवळ मुके आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर, बहुधा लष्करी मालाच्या आडोशाने, तपकिरी वृक्षसर्प या बेटावर उतरला. हा रात्रीचा हिंडणारा, झाडावर सरसर चढणारा, अंडीपिल्ले गिळणारा. असला वैरी तिथल्या पाखरांनी कधी पाहिलाच नव्हता. मग घरटे राखायचे कसे, हे त्यांना ठाऊक असणार कुठून? शिवाय पाली मुबलक, म्हणून पाखरे सरत आली तरी साप उपाशी मेला नाही. रानपाखरांच्या १२ जातींपैकी १० तिथून नाहीशा झाल्या. आपल्या चष्मेवाल्याचा तिथला भाऊबंद गेला. ग्वामचा माशीमार तर जगातूनच उठला. पाखरे गेली आणि कोळ्यांचे फावले. पावसाळ्यात शेजारच्या बेटांच्या ४० पट कोळी तिथे असल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले.

आता मेलेल्या उंदरांत पॅरासिटामोलच्या गोळ्या भरून ते हेलिकॉप्टरमधून रानावर टाकतात. आपला ताप उतरवणारे औषध सापाचा जीव घेते!

पण वाचकहो, सापाला तरी बोल काय लावायचा? तो पोटामागे गेला. माल माणसाचा होता. आपल्या घरी आलेले खोके आपण उघडून, निरखून घेतो. दुसऱ्याच्या दारी धाडलेल्या खोक्यातून काय गेले, हे मात्र कोण पाहतो?