पेरा शेतात, अडचण पडद्यावर

२०२३ च्या खरिपात कापूस आणि सोयाबीनचे भाव कोसळल्यानंतर राज्य शासनाने या दोन पिकांसाठी हेक्टरी पाच हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, अर्थसाहाय्य जाहीर केले. २०२४ च्या पावसाळ्यात त्याच्या याद्या लागू लागल्या आणि अमरावती-अकोल्यासह सबंध वऱ्हाडात एक विचित्र प्रश्न उभा राहिला. ज्यांनी सोयाबीन पेरले, काढले आणि बाजार समितीत नेऊन विकलेही, त्यांपैकी अनेकांची नावे यादीत नव्हती. मदतीसाठी ‘ई-पीक पाहणी’तील नोंद आवश्यक होती आणि ती नोंद त्यांच्या नावे दिसत नव्हती. ओरड वाढल्यावर त्याच वर्षी ही अट शिथिल करून सातबारावरील पिकाची नोंद ग्राह्य धरण्याचा निर्णय शासनाला घ्यावा लागला. निर्णय योग्यच होता. परंतु नोंद का झाली नाही, या मूळ प्रश्नाची चर्चा ‘सर्व्हर डाऊन होता’ आणि ‘शेतकऱ्यांमध्ये जागृती नाही’ या दोन ठरीव उत्तरांपुढे फारशी गेली नाही. पाणी मुरते आहे ते या दोहोंच्या मधल्या जागी, म्हणजे मोबाइलच्या वा संगणकाच्या पडद्यावर.

गाव नमुना सात आणि बारा मिळून सातबारा होतो. यातील बारा क्रमांकाचा नमुना पिकांचा. तो पूर्वी तलाठी भरीत असे. तलाठ्याने एका जागी बसून पेरा लिहिला, अशी तक्रार जुनीच होती आणि ती बहुतांशी खरीही होती. १५ ऑगस्ट २०२१ पासून हे काम मोबाइल ॲपद्वारे शेतकऱ्याच्याच हाती देण्यात आले. कल्पना चांगली होती. मात्र हे काम तलाठ्याकडून शेतकऱ्याकडे सरकले, तेव्हा दप्तराची भाषाही त्याच्यासोबत जशीच्या तशी सरकली, याचा विचार झाला नाही. तलाठ्याला ‘पोटखराबा’, ‘निर्भेळ पीक’, ‘जलसिंचित क्षेत्र’ या शब्दांची उभ्या हयातीची सवय. खातेदाराला ते शब्द पडद्यावर प्रथमच भेटले. त्यातून बोरगाव मंजूच्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘पऱ्हाटी’ असते आणि पिकांच्या यादीत ‘कापूस’ असतो. एवढ्याने कुणी अडत नाही, हे खरे. पण असे चार-सहा अडथळे ओळीने आले की माणूस फोन मुलाच्या हाती देतो आणि मुलगा शेताचे तपशील अंदाजाने भरतो.

क्षेत्राचा रकाना हे याचे ठळक उदाहरण. वऱ्हाडातील शेतकरी एकरात बोलतो, सातबारा हेक्टर-आरमध्ये लिहिला जातो. एक एकर म्हणजे सुमारे ४० आर, म्हणजे ०.४० हेक्टर. आता रकान्यात ‘०.४०’ लिहायचे, ‘४०’ लिहायचे की ‘०.४’ चालेल, हे रकान्याने स्वतःच सांगायला हवे. दशांशचिन्ह एक घर इकडेतिकडे झाले तर दहापट फरक पडतो. अनुभवी प्रोग्रामर अशा ठिकाणी शेतकऱ्याला एकरात लिहू देतो, खाली लगेच हेक्टरमध्ये रूपांतर दाखवतो आणि गटाच्या एकूण क्षेत्रापेक्षा आकडा मोठा झाला तर तिथेच हटकतो. हे काम अवघड नाही. अवघड आहे ते पुण्या-मुंबईच्या कार्यालयात बसून असा रकाना कुणाला अडवेल हे सुचणे.

मिश्र पिकाचे दुखणे याहून खोल आहे. सोयाबीनची काही तासे आणि मग तुरीचे एक तास, किंवा कपाशीत तूर, ही इथली रूढ पद्धत. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते एकच शेत असते. नमुन्याच्या दृष्टीने ती दोन पिके आणि दोन क्षेत्रे असतात. तुरीचे क्षेत्र किती, या प्रश्नाला धुऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे हेक्टरातले उत्तर नसते. त्याच्याकडे तासांचे प्रमाण असते. सहाला एक असे त्याने सांगितले तर भागाकार यंत्राने करावा, ही अपेक्षा वावगी नाही. २०२२ च्या खरिपात ॲपची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिके नोंदविण्याची सोय झाली, नोंद केल्यापासून ४८ तासांत ती एकदा दुरुस्त करता येऊ लागली आणि शेतकऱ्याचे स्वयंप्रमाणन मान्य करून तलाठ्याकडून दहा टक्के नोंदींची पडताळणी ठरविण्यात आली. या सुधारणांबद्दल संबंधितांना श्रेय दिले पाहिजे. दुरुस्तीची संधी हा तर कोणत्याही चांगल्या पडद्याचा प्राण असतो. मात्र ४८ तासांची मुदत त्याच माणसाच्या उपयोगाची, ज्याला आपली चूक ४८ तासांत कळते. चूक कळते ती बहुधा मदतीची यादी लागल्यावर.

याच दुसऱ्या आवृत्तीत पिकाचे छायाचित्र गटातच उभे राहून काढले जावे यासाठी गटाच्या मध्यबिंदूपासूनचे अंतर तपासण्याची व्यवस्था आली. कार्यालयात बसून पेरा लिहिण्याच्या जुन्या रोगावर हा उतारा होता आणि तो आवश्यकही होता. पण भूमितीचे काही हट्ट असतात. लांबट, चिंचोळ्या गटाच्या टोकाशी उभा असलेला शेतकरी आपल्याच शेतात असूनही मध्यबिंदूपासून दूर असतो. कोनाच्या आकाराच्या गटाचा मध्यबिंदू तर गटाबाहेर, शेजाऱ्याच्या वावरात पडू शकतो. एका गटात चार भावांचे हिस्से असतील तर मध्यबिंदू एकाच्याच वाट्याला येणार. त्यात मोकळ्या आभाळाखाली साधा मोबाइल पाच-दहा मीटर चुकतो आणि दाट झाडीत त्याहून अधिक. अशा वेळी पडद्याने काय म्हणावे? ‘आपण गटापासून दूर आहात’ एवढेच सांगितले तर शेतकऱ्याला वाटते की यंत्र आपल्याला खोटे ठरवीत आहे. किती दूर, कोणत्या दिशेला, आणि तिथे गेल्यावरही जमले नाही तर पुढे काय करायचे, हे सांगितले तर तोच माणूस चार पावले चालतो.

मेळघाटात प्रश्न वेगळा आहे. धारणी, चिखलदऱ्याच्या अनेक गावांत शेतात नेटवर्क नसते. म्हणून माहिती आधी फोनमध्ये साठवायची आणि नेटवर्क मिळाल्यावर पाठवायची, हाच मार्ग उरतो. ‘फोनमध्ये साठवले’ आणि ‘शासनाकडे पोहोचले’ या दोन पूर्णपणे भिन्न अवस्था आहेत. पडद्यावर मात्र दोन्ही ठिकाणी हिरवी खूण आणि ‘जतन झाले’ असा शब्द आला तर शेतकरी निश्चिंत होतो आणि नोंद खिशातच राहते. हा दोष सर्व्हरच्या नोंदवहीत कधीच सापडत नाही, कारण सर्व्हरच्या लेखी असा कोणी अर्जदार आलेलाच नसतो.

आता अक्षरांकडे येऊ. या प्रदेशाचे नाव वऱ्हाड. त्यातील ‘ऱ्ह’ संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो. एका पद्धतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडतात. दुसऱ्या पद्धतीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते निरनिराळे असतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनीही हा भेद आपोआप मिटत नाही, तो प्रोग्रामरने मुद्दाम मिटवावा लागतो. परिणामी तिवसा तालुक्यातील कुऱ्हा हे गाव एकाने एका पद्धतीने नोंदविले आणि दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने शोधले, तर समोर असलेले गाव ‘आढळले नाही’. वऱ्हाडे, कुऱ्हाडे या आडनावांचे तेच. आणि ‘शेतकऱ्यांची यादी’ या शब्दांतही तोच ‘ऱ्य’ बसलेला आहे! ‘ॲप’ शब्दातील ‘ॲ’ची कथाही अशीच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. तोपर्यंत ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवले जाई आणि आजही जुन्या नोंदींत तेच रूप आहे.

याच्या मागे आणखी जुना वारसा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्याकडे प्रत्येक फॉन्टची स्वतःची सांकेतिक व्यवस्था होती. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकुराऐवजी चिन्हांचा उकिरडा दिसे. मराठी दैनिकांच्या संकेतस्थळांचे जुने वाचक ‘प्रथम फॉन्ट उतरवून घ्या’ ही सूचना विसरले नसतील. विंडोज एक्सपीवर मराठी नीट उमटण्यासाठी नियंत्रण-फलकात जाऊन भारतीय लिप्यांची सोय वेगळी चालू करावी लागत असे. ती चालू नसेल तर जोडाक्षरे सुटी होत, वेलांटी भलत्याच बाजूला जाई. आपल्या दफ्तरांतील पुष्कळ मजकूर या अवस्थांतून रूपांतरित होत आजवर आला आहे. नावांतील र्‍हस्व-दीर्घाचे, जोडाक्षरांचे सगळे घोटाळे तलाठ्याच्या निष्काळजीपणाने झाले असे समजणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय.

डेस्कटॉपवरील आज्ञावलींचा एक ठेवणीतला दोष तहसील कार्यालयात वा सेवा केंद्रात उभे राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. बटण दाबले की खिडकी पांढरी पडते आणि वर ‘प्रतिसाद देत नाही’ असे येते. याचे कारण बहुतेक वेळा संगणक मंद असणे हे नसते. पडदा रंगविणे आणि कळीच्या दाबाला उत्तर देणे हे काम आज्ञावलीचा एकच धागा करीत असतो. प्रोग्रामरने दूरच्या सर्व्हरवरून माहिती आणण्याचे कामही त्याच धाग्यावर टाकले, तर माहिती येईपर्यंत पडदा गोठतो. ब्राउझरमध्येही तत्त्व हेच. गोठलेल्या पडद्यासमोर बसलेला ऑपरेटर काय करतो? पुन्हा बटण दाबतो. मग अर्ज दोनदा जातो, किंवा पहिला अर्धवट आणि दुसरा नाकारला जातो, आणि शेतकऱ्याला ‘तुमचा अर्ज आधीच भरलेला आहे’ असे उत्तर मिळते. उपाय पुस्तकी आणि जुने आहेत. जड काम पडद्यामागे पाठवावे, पहिल्या दाबानंतर बटण निष्क्रिय करावे आणि प्रत्येक अर्जाला आधीच एक क्रमांक देऊन ठेवावा, म्हणजे तोच अर्ज दोनदा आला तरी एकदाच नोंदला जाईल.

पडद्याचा दोष किती मोठ्या धोरणाला वेठीस धरू शकतो, हे महाराष्ट्राने २०१७ मध्ये पाहिले. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत कर्जमाफीसाठी ऑनलाइन अर्ज सक्तीचा होता. पावसाळ्याच्या दिवसांत शेतकरी सपत्नीक सेवा केंद्रांपुढे रांगा लावून उभे राहिले, मुदत वाढवावी लागली, आणि दिवाळीत प्रमाणपत्रे वाटली गेल्यानंतरही अर्जांतील माहिती आणि बँकांची माहिती यांचा मेळ बसत नसल्याने याद्या रेंगाळल्या. जी माहिती बँकेकडे होती तीच शेतकऱ्याकडून पुन्हा लिहून घेतली की दोन प्रतींत फरक पडणारच. डिसेंबर २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत अर्जच काढून टाकण्यात आला. बँकांची माहिती घेऊन याद्या लावल्या आणि शेतकऱ्याने फक्त आधारद्वारे आपली ओळख पटवायची होती. २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी लागली. दोन्ही योजनांच्या राजकीय गुणदोषांत शिरण्याचे येथे कारण नाही, पण पडद्याच्या बाजूने पाहता दुसरीची रचना निःसंशय सरस होती.

अशा चुका केवळ आपल्याच सरकारांच्या वाट्याला येतात असेही नाही. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ रोजी आरोग्य विम्याचे सरकारी संकेतस्थळ सुरू झाले, तेव्हा पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण होऊ शकली. विमा योजना नुसत्या पाहण्यासाठीही आधी खाते उघडावे लागत असल्याने सारी गर्दी एकाच दारात तुंबली होती. फरक एवढाच की तिथे पुढे त्याची जाहीर चौकशी झाली आणि काय बिघडले होते ते कागदावर आले. आपल्याकडे केंद्र शासनाची संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून अस्तित्वात आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्तीही निघाली. तत्त्वांची वानवा नाही. बिघाड झाल्यावर तो कुठे, कोणत्या फोनवर, कोणत्या पायरीवर झाला, याची नोंद ठेवण्याची आणि ती प्रसिद्ध करण्याची पद्धत नाही.

बिघाड शोधण्याच्या शास्त्रात पहिली पायरी म्हणजे तो बिघाड आपल्यासमोर पुन्हा घडवून आणणे. ‘चालत नाही’ या तक्रारीवर कोणताही प्रोग्रामर काम करू शकत नाही, आणि ‘काहीतरी चुकले आहे, पुन्हा प्रयत्न करा’ या संदेशावर कोणताही शेतकरी. संदेशासोबत चार अंकी खूण-क्रमांक दिला, तर गावातील मदतनीस तो फोनवरून कळवू शकतो आणि तिकडे नेमकी ओळ सापडते. खर्च जवळपास शून्य.

पडद्याच्या चाचणीसाठी मोठा फौजफाटाही लागत नाही. जेकब निल्सन यांनी दाखवून दिले आहे की पाच वापरकर्त्यांना शेजारी बसून नुसते पाहिले तरी बहुतेक मोठे दोष उघडे पडतात. त्या पाच जणांना काही शिकवायचे नाही, मध्ये बोलायचे नाही, फक्त बोट कुठे थबकते ते टिपायचे. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिवारफेरीला शेतकरी मोठ्या संख्येने येतात, स्वतःचे फोन घेऊन, डोळ्यांवर ऊन घेऊन. तिथे एका टेबलावर रब्बीची नवी आवृत्ती ठेवून, अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील संगणकशाखेचे चार विद्यार्थी वही घेऊन बसवायला शासनाला निविदा काढावी लागणार नाही. सोयाबीनमधील तुरीचे एक तास किती हेक्टर, या प्रश्नापाशी पहिल्या पाच जणांपैकी किती थांबतात, ते त्या वहीत दुपारपर्यंत लिहिलेले असेल.