परसदारी : शेवंतीवर तांबेरा पडला

मैत्रिणींनो, या खेपेला एकाच पत्राविषयी लिहिते. एका तालुक्याच्या गावाहून ते आलं आहे. लिहिणारीच्या गच्चीवर शेवंतीच्या बारा कुंड्या, सगळ्या माहेरून आणलेल्या फुटव्यांच्या. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना वेण्या घरच्याच होत. यंदा कळी धरायच्या सुमारास खालची पाने पिवळी पडली, वाळली आणि देठाशी तशीच लोंबत राहिली. ती लिहिते, "सासूबाई म्हणतात, मी 'त्या' चार दिवसांत हात लावला म्हणून झाडं जळली. आता कुंड्यांजवळ जायची बंदी आहे. खरंच असं होतं का हो?"

नाही हो, मुळीच नाही! एक रोगट पान तोडा आणि उलटं करा. वरून जिथे फिकट पिवळे ठिपके दिसतात, तिथे खालच्या अंगाला तपकिरी पुटकुळ्या असतील. बोट फिरवलं की कोकोसारखी पूड लागेल. घरात मुलांचं भिंग असेल तर सासूबाईंनाही दाखवा. वाद घालू नका, नुसतं दाखवा.

हा तांबेरा. गव्हावर पडतो तो आपण ऐकलेला असतो. हा त्याच गोतातला, पण वेगळा. शास्त्रज्ञ दोघांनाही पक्सिनिया म्हणतात. सूर्यफुलाचा तांबेरा निराळा, करडईचा निराळा. शेवंती, सूर्यफूल, करडई ही एकाच कुळातली भावंडं असली, तरी प्रत्येकीचं दुखणं आपापलं. शेवंतीचा हा तपकिरी तांबेरा पूर्वेकडून, जपानच्या बाजूने जगभर गेला. 1895 मध्ये तो इंग्लंडात दिसला. तिथे कुणाच्या चार दिवसांचा संबंध होता?

ती पूड म्हणजे बुरशीची बीजं. वाऱ्याने, पाण्याच्या शिंतोड्यांनी, आपल्या हातांनी, पदरानेसुद्धा ती पसरतात. हात कुणाचाही असो, सासूबाईंचाही! मात्र कोरड्या पानावर त्यांचं काही चालत नाही. पान काही तास ओलं राहिलं की बीज रुजतं आणि पानाच्या श्वासाच्या छिद्रांतून तंतू आत घालतं. जिवंत पानाचा रस हेच त्याचं अन्न. मग काही दिवसांनी नवी पूड बाहेर.

आता माझीच चूक सांगते. संध्याकाळी कामं आटोपली की मी झारीने शेवंतीला डोक्यावरून न्हाऊ घालत असे. पानं रात्रभर ओली. एका हिवाळ्यात सात कुंड्या गेल्या, आणि मी मात्र खताला नावं ठेवत बसले!

पाणी सकाळी घाला, तेही बुंध्याशी. कुंड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवा, वारा खेळू द्या. रोगट पाने कोरड्या वेळी हलकेच तोडून लगेच पिशवीत बांधा. खताच्या खड्ड्यात नकोत. मग हात साबणाने धुवा. रोग थोडा असेल तर एवढ्यानेही आटोक्यात येतो. वाढलाच तर पाण्यात विरघळणारं गंधक मिळतं. पाकिटावरच्या प्रमाणातच, ऊन उतरल्यावर फवारा, आणि त्या झाडांची फुलं केसांत माळू नका. जी झाडं पार खंगली ती उपटा. जीव तुटतो, ठाऊक आहे मला.

पांढरा तांबेरा म्हणून याचा एक भाऊ आहे. त्याच्या पुटकुळ्या पानाखाली पांढरट-गुलाबी असतात. त्याच्या धास्तीने कित्येक देश शेवंतीच्या रोपांवर बंधनं घालतात. तेव्हा परदेशी लेकीकडे जाताना पर्समध्ये फुटवे लपवून नेऊ नका बरं.

पत्र लिहिणाऱ्या ताई, बहर संपला की निरोगी झाडाचेच फुटवे नव्या मातीत लावा. माहेरी तो वाफा अजून असेल तर तिथूनही आणता येतील. मात्र आणण्याआधी तिथलीही पाने उलटून बघा.