ध्यास सापडतो की घडतो?

माणसाने प्रथम आपली खरी आवड शोधावी आणि ती सापडली की नोकरी-व्यवसायासह बाकी सारे तिच्यावरून ओवाळून टाकावे, हे मत अलीकडे इतके रूढ झाले आहे की त्याला पुरावा मागावा असेही कोणाला वाटत नाही. या पूर्वपक्षाच्या, म्हणजे खंडनासाठी आधी मांडून घेतलेल्या प्रतिपक्षाच्या मताच्या, मुळाशी एक गृहीतक आहे: ध्यास हा परसात पुरलेल्या गुप्तधनासारखा तयारच असतो, खणण्याचा काय तो अवकाश.

धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांच्या चरित्राशी ताडून पाहता हे गृहीतक टिकत नाही. त्यांचा अभ्यासविषय गणित; १८९१ पासून १९१४ पर्यंत ते फर्ग्युसन महाविद्यालयात तोच विषय शिकवीत होते. प्रथम पत्नीच्या निधनानंतर पुन्हा विवाह करायचा तर विधवेशीच, असे ठरवून त्यांनी १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या विधवांसाठीच्या शाळेतील गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई, यांच्याशी विवाह केला आणि मुरुड या आपल्या गावच्या मंडळींचा बहिष्कार ओढवून घेतला. त्या वेळी महिला विद्यापीठ त्यांच्या मनात होते असे मानायला काहीच आधार नाही. विवाहातून पुनर्विवाहाच्या प्रचाराचे काम निघाले, त्यातून विधवांना शिकवून स्वतःच्या पायांवर उभे करण्याची निकड उमगून १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम, १९०७ मध्ये महिला विद्यालय आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, १९१६ मध्ये, विद्यापीठ अशी एकेक पायरी चढली गेली. मागची पायरी चढल्यावाचून पुढची दिसतच नव्हती. आणि या काळातील बहुतेक वर्षे ते महाविद्यालयातले तास आटोपून पुण्याबाहेर हिंगण्याला असलेल्या या आश्रमाकडे पायी जात होते, हेही नोकरीला ध्यासाची वैरीण ठरवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

यावर त्यांचे पुत्र रघुनाथ यांचा दाखला पुढे केला जाईल. तेही गणिताचेच प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांची नोकरी गेली आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. परंतु येथे क्रम पाहावा लागतो. त्यांचे संततिनियमन केंद्र १९२१ मध्येच सुरू झाले होते. काम आधी अंगावर घेतले गेले, किंमत नंतर द्यावी लागली. आवड शोधण्यासाठी मोकळे व्हावे म्हणून त्यांनी नोकरी सोडली नव्हती.

तेव्हा प्रयोजन, म्हणजे ज्यासाठी जगावे असे वाटते ते, हे शोधाचे नव्हे तर अंगीकाराचे फळ होय: समोरचे दुःख आपले मानणे आणि त्याला चिकटून राहणे. प्रेम बहुधा या चिकटण्याच्या मागाहून येते. संसारातही ते पुष्कळदा असेच येते.

मात्र या सिद्धान्ताचा ‘आवडनिवड फजूल, कर्तव्यच काय ते खरे’ असा अर्थ काढणेही तितकेच चुकीचे आहे. धोंडो केशव कर्व्यांनी आपल्या संस्थांना वाहून घेणाऱ्या कार्यकर्त्यांचा ‘निष्काम कर्म मठ’ स्थापला. पण निष्काम कर्माचा, म्हणजे फळाची अपेक्षा न धरता केलेल्या कर्माचा, खर्च कर्ता एकटा सोसत नाही. आश्रमाला वाहून घेतलेल्या पतीच्या घरात पैशाची ओढाताण कोणी निभावली, हे आनंदीबाईंच्या ‘माझे पुराण’ या आत्मकथनात आले आहे, आणि कर्वेचरित्राच्या गौरवपर आवृत्त्यांपेक्षा ते अधिक बारकाईने वाचण्याजोगे आहे.